दोघंही म्हणजे किती?

माणूस पैशाच्या बाबतीत जितका चिकट असतो, तितकाच शब्दांच्या बाबतीत उधळा असतो, हे माझं मत बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं बसून बनलेलं आहे. पासबुकात दोन रुपये कमी दिसले तर जो गृहस्थ मॅनेजरच्या केबिनपर्यंत जातो, तोच गृहस्थ माझ्यासमोर येऊन म्हणतो, "थोडे पैसे काढायचे होते."

"किती?"

"थोडेच हो."

स्लिप बघावी तर आकडा ऐंशी हजार. माझ्या तीन महिन्यांच्या किराण्याला, दुधाला आणि वाण्याच्या मागच्या बाकीला मिळून एवढे लागत नाहीत. पण त्यांचे ते थोडेच!

घरीही तेच. "तुम्हाला हजार वेळा सांगितलं, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका," असं आमची ही म्हणते. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे एकदा मोजून पाहिलं. महिन्यात चार वेळा सांगितलं होतं. हा हिशेब मी तिला सादर केला. त्यानंतर झालेल्या संभाषणाला संवाद म्हणता येणार नाही, कारण त्यात मी नव्हतो.

तर सांगायचं ते हे की 'थोडे', 'काही', 'बरेच', 'सगळे', 'कोणीही', 'दोघंही' या प्रमाण सांगणाऱ्या शब्दांवर माझा फार दिवसांपासून राग आहे. तो मनातच राहिला असता. पण गेल्या कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक प्रसंग घडला आणि मला लेखणी उचलावी लागली.

आमची कन्या नववीत आहे. अभ्यास सोडून बाकी सर्व विषयांत तिला गती आहे. तिने मोबाईलवर एस्पेरांतो नावाची भाषा शिकायला घेतली आहे आणि त्या रात्री तिने मसाला दुधाचा पेला उचलून त्या भाषेत काहीतरी वाक्य म्हटलं. वरच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहतात. मराठी शिकवत असत, आता निवृत्त आहेत. शिकवणं मात्र अजून चालू आहे. ते हसले आणि म्हणाले, "अगं, भाषा ही आईच्या दुधाबरोबर येते. ती कारखान्यात बनत नसते. ठरवून केलेली भाषा म्हणजे प्लॅस्टिकचं फूल. आणि त्या लोकांना काय हवं असतं? प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ! अरे, संदिग्धता हेच तर भाषेचं सौंदर्य!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. (सगळ्यांनी म्हणजे अकरा जणांनी. मी मोजल्या.) मी गप्प राहिलो, कारण दूध गरम होतं आणि जायफळ प्राध्यापकांच्या घरचं होतं. ज्याचं जायफळ खावं त्याच्याशी त्याच रात्री भांडू नये. आता ते पचलेलं आहे.

तेव्हा प्राध्यापकसाहेब, ऐका.

ही एस्पेरांतो लुडविक झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने केली. जन्म १८५९ चा, गाव बियालिस्तोक. तेव्हा रशियन साम्राज्यात, आज पोलंडमध्ये. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेना. पोराला वाटलं, सगळ्यांना समान अंतरावर असलेली एखादी भाषा हवी. १८८७ साली वॉर्सात त्याने छोटं पुस्तक काढलं. नाव घेतलं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. व्याकरणाचे मूळ नियम सोळा. आमच्या बँकेत नुसत्या रजेच्या अर्जाचे नियम याहून जास्त आहेत.

या भाषेत एक कोष्टक आहे. ते मी पाहिलं आणि हिशेबनीस माणसाचा गळा दाटून आला. पाच सुरुवाती आणि नऊ शेवट, एकूण शब्द पंचेचाळीस. 'कि' लावलं की प्रश्न, 'ति' लावलं की 'तो', 'इ' लावलं की 'कोणी तरी', 'ची' लावलं की 'सर्व' आणि 'नेनि' लावलं की शून्य. शेवट 'ओम' असला की प्रमाण. म्हणजे कियोम म्हणजे किती, तियोम म्हणजे तितकं, इयोम म्हणजे काही एक प्रमाणात, चियोम म्हणजे सगळंच्या सगळं, नेनियोम म्हणजे अजिबात नाही. ताळेबंदासारखं उभं-आडवं जुळतं. कन्येने ते कोष्टक फ्रिजवर चिकटवलं आहे. त्याच्याखाली दुधाचा हिशेब आहे, तो मात्र कधी जुळत नाही.

आता प्राध्यापक म्हणतील, यात काय मोठं! आणि इथे मी त्यांच्या बाजूने एक गुण देतो. असं कोष्टक आपल्या मराठीतही आहे. किती, जितका, तितका, इतका. कसा, जसा, तसा, असा. कुठे, जिथे, तिथे, इथे. उलट आपल्याकडे 'ज'चा रकाना आहे, तो एस्पेरांतोकडे नाही. तिथे 'कि'लाच दोन्ही कामं करावी लागतात, सुट्टीच्या दिवसांतल्या आमच्या शिपायासारखी. पण आपल्या कोष्टकात शून्याचा रकाना नाही! 'कोणी नाही' याला एक शब्द सांगा. 'कुठेच नाही' याला सांगा. नाही सापडत. आपण 'कोणी' घेतो आणि त्याला 'नाही' जोडतो. त्यातून काय होतं ते बघा.

'कोणीही सही केली तरी चालेल.' 'कोणीही सही केली नाही.' पहिल्या वाक्यातला 'कोणीही' म्हणजे वाटेल तो. दुसऱ्यातला म्हणजे एकही नाही. शब्द तोच, कानामात्रा तीच. वाक्याच्या शेवटी 'नाही' येईपर्यंत ऐकणाऱ्याने श्वास रोखून बसायचं. एस्पेरांतोत पहिल्याला 'इउ आयन' आणि दुसऱ्याला 'नेनिउ'. आणि एकदा 'नेनिउ' म्हटलं की दुसरा नकार जोडायचा नाही, असा सोळांपैकी एक नियमच आहे. जोडलात तर 'न आलेला असा एकही नाही', म्हणजे सगळे आले, असा अर्थ व्हायचा.

दुसरं वाक्य घ्या. 'सगळे सभासद हजर नव्हते.' आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात हे वाक्य आहे आणि त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद आहे. सेक्रेटरींचं म्हणणं, काही आले होते, काही नव्हते. चौथ्या मजल्याचं म्हणणं, याचा अर्थ एकही हजर नव्हता, सबब ठराव रद्द! एस्पेरांतोत पहिल्या अर्थाला नकार नेमका 'सगळे'च्या आधी बसवतात, 'ने चिउय'. आणि दुसऱ्याला 'नेनिउ'. पार्किंगचं भांडण तिथेच मिटलं असतं.

पण मराठीवर सारा दोष टाकून मी मोकळा होणार नाही, कारण ते खोटं ठरेल. एस्पेरांतोवाल्यांना ज्या 'दा' या शब्दाचा अभिमान आहे तो बघा. पेला भरून पाणी हवं असेल तर ते 'ग्लासो दा आक्वो' म्हणतात, आणि पाण्यासाठीचा पेला असेल तर 'दा'च्या जागी 'दे'. मला हसू आलं. आमच्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी ती 'पेलाभर पाणी' आणि 'पाण्याचा पेला' यांत कधी चुकली नाही. वाटीभर साखर मागितली तर शेजारीण साखर द्यायची. साखरेची वाटी मागितली तर 'परत कधी देणार?' असं विचारायची.

तसाच त्यांचा 'पो'. 'पो दू' म्हणजे प्रत्येकी दोन. झामेनहोफने स्वतःच्या सरावपुस्तकातसुद्धा चार मुलांना बारा सफरचंदं प्रत्येकी तीनप्रमाणे वाटून दाखवली आहेत. मराठीत यासाठी 'प्रत्येकी' आहे, नाहीतर नुसतं 'दोन दोन' म्हटलं की झालं. शब्द आहेत, वापरत कोण नाही? आम्ही! एका दिवाळीला आमच्या शाखेत सूचना लागली, 'कर्मचाऱ्यांना मिठाईचे दोन डबे देण्यात येतील.' आम्ही चौदा जण मोठ्या पिशव्या घेऊन गेलो. चौदा जणांत मिळून दोन डबे होते. त्या दिवशी मी पिशवीत रिकामा जेवणाचा डबा घेऊन घरी आलो आणि हिला सांगितलं, "'पो' राहिला." तिला वाटलं, पोहे राहिले.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. पण प्राध्यापकांच्या त्या 'सौंदर्या'वर माझा जो खरा राग आहे त्याचं कारण गंमतीचं नाही, आणि त्यात चूक दुसऱ्या कोणाची नसून माझी आहे.

२०११ साली एक वयस्कर जोडपं आमच्या शाखेत संयुक्त खातं उघडायला आलं. काका नुकतेच निवृत्त झाले होते. काकू अंगावरचा पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. फॉर्म मीच भरत होतो. जोडखात्यात पैसे कोणी काढायचे हे लिहून द्यावं लागतं. एक प्रकार 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे राहील तो. दुसरा 'जॉइंटली', म्हणजे दोघांच्या सह्या झाल्याशिवाय दमडी मिळायची नाही. मी विचारलं, "काका, पैसे कोण काढणार?"

काका म्हणाले, "दोघंही काढू."

मी 'जॉइंटली'वर खूण केली. मागे रांग होती, जेवणाची वेळ होत आली होती. दोघंही म्हणजे दोघं. कॉमर्सचा पदवीधर!

पुढे सात वर्षं कोणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण ती दोघं दर महिन्याच्या दोन तारखेला जोडीने यायची, दोघं सह्या करायची आणि खाली उसाचा रस पिऊन घरी जायची. २०१८ च्या पावसाळ्यात एका सकाळी काकू एकट्याच आल्या. काकांना अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्याने पैसे भरायला सांगितले होते. स्लिपवर एकच सही. मी संगणकात बघितलं आणि माझ्या हाताला घाम आला.

"काकू, दोघांच्या सह्या लागतील."

"अहो, पण आम्ही तर दोघंही काढू शकतो असंच सांगितलं होतं ना? तुम्हालाच सांगितलं होतं की हो."

मलाच सांगितलं होतं. आणि बरोबर सांगितलं होतं. मराठीत 'दोघंही काढू' म्हणजे 'हेही काढतील, मीही काढेन' असा अर्थ होतो, आणि 'मिळून काढू' असाही होतो. दोन्ही शुद्ध मराठी. हेच ते संदिग्धतेचं सौंदर्य, प्राध्यापकसाहेब! ते त्या दिवशी काउंटरच्या पलीकडे रबरी चपला घालून, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन उभं होतं.

आमचे साहेब देवमाणूस. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, मात्र बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. साहेबांनी शाईचा पॅड खिशात टाकला, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. काकांनी मला ओळखलं. बोलता येत नव्हतं. डाव्या हाताचा अंगठा मी पॅडवर धरला आणि मग कागदावर. तो अंगठा गरम होता. त्यांनी माझा हात उगाच दाबल्यासारखं केलं. क्षमा म्हणून की आभार म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काका पुढे बरे झाले, काठी घेऊन बँकेतही आले. खातं बदलून घेताना आता मीच मागे लागलो. पण त्या सकाळी काकू जी दीड तास बाकड्यावर बसून होत्या, तो दीड तास कुठल्या खात्यात लिहायचा?

हा किस्सा मी कन्येला सांगितला. ती उसळून म्हणाली, "बाबा, एस्पेरांतोत असं झालंच नसतं!" मी कोष्टक घेऊन बसलो. दोघांसाठी त्यांचा शब्द आहे 'आंबाउ'. आणि हा 'आंबाउ'ही आपल्या 'दोघंही'चा सख्खा भाऊ निघाला! 'आंबाउ काढू शकतात' म्हटलं तर एकेकटे की मिळून, ते त्यालाही सांगता येत नाही. 'एकत्र' असं वर जोडावं लागतं, नाहीतर 'दोघांपैकी कोणीही' म्हणावं लागतं. म्हणजे आपल्यासारखंच. कन्या हिरमुसली. एस्पेरांतो हत्यारं देते. ती वापरायची की गंजू द्यायची, हे तिथेही माणसावरच आहे.

पण मग तिने मला लोजबान दाखवली आणि मी खुर्चीतून उठलो. ही भाषा तर्कशास्त्राच्या पायावर रचलेली आहे. अमेरिकेत जेम्स कुक ब्राऊन यांनी १९५५ साली लोगलान नावाची भाषा करायला घेतली, तिच्यातून फुटून १९८७ साली ही निघाली. तिच्यात 'सगळे'पासून 'थोडके'पर्यंत पायऱ्याच आहेत : रो म्हणजे सगळे, सोहा म्हणजे जवळजवळ सगळे, सोहे म्हणजे बहुतेक, सोही म्हणजे बरेच, सोहो म्हणजे काही, सोहू म्हणजे थोडके. जरुरीपेक्षा जास्त याला 'दुहे', कमी याला 'मोहा' आणि पुरेसे याला 'राउ'. शेवटचा शब्द पगारदार माणसाच्या कामाचा नाही. पण खरी गोष्ट पुढेच आहे. लोजबानमध्ये 'तू आणि मी' हे दोन तऱ्हांनी सांगतात. मधे 'ए' घातला तर तूही आणि मीही, वेगवेगळे. मधे 'जोइ' घातला तर तू-मी मिळून एक जोडी. पियानो दोघांनी मिळून उचलला, की एकेकट्याने, हे तिथे सांगावंच लागतं! बोलणाऱ्याला 'दोघंही'च्या आड लपायची सोय नाही. आमचे काका लोजबान बोलत असते, तर मी फॉर्म चुकवूच शकलो नसतो.

लगेच लोजबान शिका, असं मी म्हणत नाही. तशी दुसऱ्या टोकाचीही भाषा आहे. सोन्या लँग या बाईंनी २००१ साली तोकी पोना केली. शब्द सगळे मिळून सव्वाशेच्या आतबाहेर. साध्या मोजणीत एक, दोन, आणि त्यापुढे सगळं 'मुते', म्हणजे पुष्कळ. माझ्या बचत खात्याला तीच भाषा सोयीची आहे, फक्त 'मुते' वगळून.

आता त्या 'प्लॅस्टिकच्या फुला'चं बघू. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांच्या जागी पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो काय आईच्या दुधाबरोबर आला होता? 'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडवला. आज तो बोलताना कोणाच्या घशात प्लॅस्टिक अडकतं? आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ही कुठल्या गावची बोली आहे? जगात कोणत्याही नवऱ्याने कोणत्याही बायकोला 'तू किंवा मी किंवा हयात असेल तो' असं प्रेमाने म्हटलेलं नाही. तीही ठरवून, टेबलाभोवती बसून केलेली भाषाच आहे, आणि घरातल्या कर्त्याच्या माघारी तिच्याच जोरावर हजारो बायकांना पैसे मिळतात. घडवलेली भाषा तुम्हाला चालते, प्राध्यापकसाहेब. फक्त ती घडवणाऱ्याने 'मी भाषा घडवली' असं म्हणायचं नाही, एवढीच तुमची अट!

संदिग्धता कवितेत जरूर असावी. तिथे चंद्र किती, प्रियकर किती, कोणी मोजत नाही. पण इतिवृत्तात, नोटिशीत, डॉक्टरच्या चिठ्ठीत आणि पैसे काढायच्या स्लिपवर तिला सौंदर्य म्हणणं हा आळशीपणा आहे. 'काही कागदपत्रं लागतील' असं जो सांगतो, त्याला किती आणि कोणती हे ठाऊक असतं. फक्त सांगायचे कष्ट नकोत. फेऱ्या मारायचे कष्ट दुसऱ्याचे असतात. म्हणून मी आता कोणालाही 'काही' म्हणत नाही. बोटं दाखवून 'तीन' म्हणतो.

मागच्या महिन्यात प्राध्यापक सपत्नीक आमच्या शाखेत आले. जोडखातं उघडायचं होतं. मी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"पैसे कोण काढणार, सर?"

"म्हणजे काय? दोघंही!"

"दोघं मिळून, की दोघांपैकी कोणीही एक?"

"अहो, दोघंही म्हणजे दोघंही! एवढं मराठी कळत नाही तुम्हाला?"

मागे रांग होती. जेवणाची वेळ होत आली होती. मी पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि म्हणालो, "सर, संदिग्धता फार सुंदर आहे. पण मी थांबतो."

प्राध्यापकांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या, "दोघांपैकी कोणीही एक. लिहा." आणि मग नवऱ्याकडे वळून, "यांना ना, हजार वेळा सांगितलं, नीट बोलत जा."

हा आकडा मात्र मी तपासला नाही.